फेरीच्या रॅम्पवर घासलेलं चाक : लोअर केलेल्या ऑडी टीटीच्या फिटमेंटचं प्रकरण

गाडी २०१२ ची ऑडी टीटी. दुसरी पिढी म्हणजे ८जे, २.० टीएफएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), क्वाट्रो (चारही चाकांना ताकद), नोंदणी गोव्यातली. मालक तिसवाडीतले, कामानिमित्त आठवड्यातून दोन-तीनदा फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाणं-येणं. शॉक कंपनीचेच ठेवून ३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आधीच्या मालकाने घातल्या होत्या. त्यावर या मालकाने १९ इंची तयार अलॉय घेतली आणि दोन महिन्यांत तीन तक्रारी उभ्या राहिल्या. फेरीच्या रॅम्पवर चढताना मागचं डावं चाक घासतं. ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. आणि चाकाचे बोल्ट दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे सैल सापडतात.

तिन्ही तक्रारींचं खापर 'चाकं स्वस्तातली' यावर फोडून मोकळं होणं सोपं होतं. चाकं स्वस्तातली होतीही. पण प्रत्येक तक्रारीचं मूळ वेगळं निघालं, आणि त्यातलं एक तर चाकात नव्हतंच.

काय बसवलं होतं, ते आधी. या गाडीचं मूळ चाक ९ जे × १८ (९ इंच रुंद, १८ इंच व्यासाचं), ऑफसेट ईटी५२ (हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाला, टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून ५२ मिमी बाहेर), टायर २४५/४० आर१८ (२४५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के). पाच बोल्ट, पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) ११२, मधलं भोक ५७.१ मिमी, बोल्ट एम१४×१.५ आणि त्यांची बैठक गोल, १३ मिमी त्रिज्येची. जागी आलेलं चाक होतं ८.५ जे × १९, ईटी३५, टायर २४५/३५ आर१९. पीसीडी तेच ११२, पण मधलं भोक ६६.६, आणि बोल्टची बैठक ६० अंशांची शंकूसारखी. दुकानदाराच्या यादीत हे चाक 'ऑडीला बसतं' या रकान्यात होतं. पाच भोकं जुळली की चाक बसतं एवढाच त्या रकान्याचा अर्थ.

टायरचा आकार मात्र बरोबर निवडलेला होता. २४५/४० आर१८ चा व्यास ६५३ मिमी, २४५/३५ आर१९ चा ६५४. क्वाट्रोत मागच्या ॲक्सलला ताकद हॅल्डेक्स कपलिंगमधून (गरजेप्रमाणे मागची ताकद जोडणाऱ्या क्लचमधून) जाते. पुढचे-मागचे टायर वेगळ्या व्यासाचे किंवा वेगळ्या झिजेचे असले की ते कपलिंग सरळ रस्त्यावरही उगाच राबत राहतं. म्हणून या गाडीला चारही टायर एका मापाचे, एका बनावटीचे आणि एकदमच बदललेले हवेत. दोन नवे, दोन जुने ही काटकसर इथे चालत नाही.

खूण कुठे आहे

घासण्याच्या तक्रारीत फेंडरच्या आधी टायर बघावा. मागच्या डाव्या टायरवर खूण होती ती ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या) कडेला नव्हे, साइडवॉलच्या (टायरच्या बाजूच्या) मधोमध. जिथे टायर सगळ्यात फुगीर असतो, तिथे बोटभर रुंदीची एक घासपट्टी, रबर काळं-चकचकीत झालेलं आणि मध्ये एक बारीक चीर. फेंडरच्या आतल्या वळवलेल्या कडेवर त्याच उंचीला रंग उडालेला आणि रबराचा काळा थर. उजवीकडे काहीच नाही. कडेवर तांबडी माती तशीच्या तशी वाळून बसलेली.

या एका खुणेतून बरंच कळतं. टायर फार बाहेर असता तर चाक वर जाताना ट्रेडची कड आधी लागली असती, आणि प्रत्येक गतिरोधकावर लागली असती. इथे कड सुखरूप आत जात होती. त्यानंतर चाक आणखी वर जाऊन टायरचा फुगीर भाग फेंडरच्या कडेपाशी पोचला की घासत होतं. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं मागचं अंतर ३४१ मिमी भरलं. टायरची त्रिज्या ३२७. म्हणजे उभ्या गाडीत वर १४ मिमी फट. फुगीर भाग ट्रेडपासून साधारण ४० मिमी खाली असतो, म्हणजे घासायला चाकाला ५० मिमीहून जास्त वर जावं लागतं. लोअर केलेल्या गाडीत एवढी चाल शिल्लक असायलाच नको. त्याआधी बंप स्टॉपने (चाकाची वरची चाल थांबवणाऱ्या, शॉकवरच्या फोमच्या ठोकळ्याने) अडवायला हवं.

डावा शॉक उतरवला तेव्हा त्याचा उलगडा झाला. स्प्रिंगा घालताना कोणीतरी डावा बंप स्टॉप कापून ३५ मिमीचा केला होता, उजवा ५५ मिमीचा तसाच होता. 'खाली केलेल्या गाडीचा बंप स्टॉप कापतात' हे अर्धवट ऐकून एका बाजूला सुरी चालवायची आणि दुसरीकडे कंटाळा करायचा, असा हा प्रकार. या गाडीत मागचा शॉक चाकाच्या हाऊसिंगलाच जोडलेला आहे, त्यामुळे स्टॉप २० मिमी कमी झाला की चाकालाही जवळपास तितकीच जास्त चाल मिळते.

दुसरी भर कॅम्बरने, म्हणजे चाकाचा माथा आत-बाहेर कलण्याने, घातली (उणे आकडा म्हणजे माथा आत). अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन मोजायच्या, मशीनवर मागचं डावं चाक −१°३०′ आणि उजवं −२°०५′ दिसलं. ३५ मिनिटांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. ३२७ मिमी त्रिज्येच्या टायरच्या माथ्यावर तोच फरक ३ मिमीहून जास्त भरतो, आणि तोही डावीकडे बाहेरच्या अंगाला. थोडक्यात डावं चाक वरही जास्त जात होतं आणि बाहेरही जास्त होतं.

हे फेरीवरच का दिसायचं? ओहोटीला जेटी आणि फेरीचा रॅम्प यांच्यात खोलगट कोन होतो, आणि गाडी बहुधा तिरकी चढवावी लागते. तिरकी चढली की एक पुढचं आणि त्याच्या विरुद्ध कोपऱ्यातलं मागचं चाक पूर्ण दबतं, उरलेली दोन लोंबकळतात. हमरस्त्यावर दोन्ही मागची चाकं एकदम दबतात आणि भार वाटला जातो. रॅम्पवर सगळा भार एका कोपऱ्यावर येतो.

बोल्ट आणि रिंग

बोल्ट सैल होण्याचं कारण चाक काढल्याबरोबर डोळ्यांना दिसलं. दुकानात गाडीचेच गोल बैठकीचे बोल्ट नव्या चाकाच्या शंकूसारख्या भोकात आवळले होते. गोळी शंकूत ठेवली तर ती एका वर्तुळरेषेवर टेकते, पृष्ठभागावर नाही. भोकाच्या आत अगदी तसंच दिसत होतं: केसाएवढी बारीक, चकाकती रेघ, आणि तिच्या वर-खाली रंग जसाच्या तसा. नीट बसलेल्या बोल्टखाली चांगली रुंद, मंद झिलईची पट्टी उमटायला हवी. सगळा दाब त्या रेघेवर आला की अ‍ॅल्युमिनियम हळूहळू दबतं, बोल्टचा ताण उतरतो आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) कमी भरतो. परत आवळलं की रेघ आणखी खोल जाते. 'दर पंधरा दिवसांनी आवळून घ्या' हा सल्ला म्हणजे रोग वाढवण्याचं औषध.

नव्या चाकाला कोणता बोल्ट चालतो हे तपासायला महागडं काही लागत नाही. बोल्टच्या बैठकीवर मार्कर पेनने काळं फासायचं, चाक लावून ४० न्यूटन मीटरवर आवळायचं, काढून बघायचं. काळं सगळीकडून सारखं पुसलेलं हवं. एका रेषेतच पुसलं गेलं असेल तर तो बोल्ट त्या चाकाचा नाही.

थरथर मात्र मधल्या भोकाची. ६६.६ च्या भोकात ५७.१ चा हब बसवायला प्लॅस्टिकच्या रिंगा दिल्या होत्या. पुढच्या उजव्या चाकातली रिंग एका बाजूने वितळून चपटी झाली होती. चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापतात, हबपर्यंत उष्णता येते आणि हलक्या प्लॅस्टिकचं हे असं होतं. चाक बॅलन्स केलेलं असूनही मध्यापासून जरासं सरकून आवळलं गेलं की ९०–११० च्या टप्प्यात स्टिअरिंगला कळतंच. अ‍ॅल्युमिनियमची रिंग वितळत नाही. पण किनाऱ्याजवळच्या खाऱ्या दमट हवेत ती लोखंडी हबला अशी धरते की पावसाळा संपता संपता चाक हातोडा मारल्याशिवाय सुटत नाही. भोक मुळात हबच्या मापाचं असेल तर दोन्ही कटकटी नाहीत.

मालकाने एक प्रश्न विचारला होता: हीच चाकं मागच्या बाजूने मशीनवर ६–७ मिमी घासून ऑफसेट वाढवता येणार नाही का? आकड्यांत येतो. ओतीव चाकाच्या माउंटिंग पॅडमधून (हबला टेकणाऱ्या भागातून) ७ मिमी धातू काढायचा म्हणजे ज्या जागेवर बोल्टचा सगळा ताण येतो तीच जागा पातळ करायची. नाही म्हणून सांगितलं. बोल्टच्या रेघा पडलेल्या असल्याने ही चाकं दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारण्याजोगीही उरली नव्हती.

मोजायच्या आधी काय करायचं

नवी चाकं मापाने करून घ्यायची ठरली, फोर्ज्ड (ओतीव नव्हे, दाबून घडवलेली), १९ इंची. इथे क्रमाला फार महत्त्व आहे आणि बहुतेक ठिकाणी हाच क्रम उलटा होतो: आधी चाक, मग अलाइनमेंट. या गाडीत तसं केलं असतं तर काय झालं असतं ते पुढे येईलच.

पहिलं काम सस्पेन्शनचं. दोन्ही मागचे बंप स्टॉप नवे, एकाच लांबीचे. मागच्या आर्म्सचे बोल्ट सैल करून गाडी चारही चाकांवर उभी असताना परत आवळले. स्प्रिंगा बदलताना हे बोल्ट चाकं लोंबकळत असतानाच आवळले होते. तसं केलं की रबरी बुश (आर्मच्या सांध्यातली रबरी नळी) कायम पिळलेला राहतो, गाडी एका बाजूला जरा उंच बसते आणि बुश वर्षभरात फाटतो. बोल्ट सोडल्यावर डावी बाजू ३ मिमी खाली येऊन उजवीच्या बरोबरीला आली.

दुसरं काम अलाइनमेंट, जुन्या १८ इंची चाकांवर. मागे मल्टीलिंक (अनेक आर्म्सचं सस्पेन्शन) असल्याने कॅम्बर आणि टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) दोन्ही एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकलेल्या, बोल्टने बदलता येतात. दोन्ही बाजू −१°५०′ वर आणल्या, मागचा एकूण टो +०°१६′. पुढे कॅम्बरसाठी वेगळी सोय कंपनीने दिलेली नाही. सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) सरकवून डावं-उजवं सारखं करता येतं, तेवढं केलं. पुढचा एकूण टो +०°०८′. लोअर केलेल्या गाडीचे टायर आतल्या कडेने खाल्ले जातात त्याचं खापर कॅम्बरवर फुटतं, पण निम्म्याहून जास्त वेळा दोषी असतो तो बिघडलेला टो.

मोजणी त्यानंतर. मागचं मोजणं सोपं, कारण या गाडीत मागची स्प्रिंग शॉकपासून वेगळी, खालच्या आर्मवर बसते. गाडी स्टँडवर घेऊन स्प्रिंग काढली, जुनं १८ इंची चाक लावलं आणि हबखाली जॅक लावून चाक वर नेत गेलं. नुसता बंप स्टॉप टेकला की थांबायचं नाही. तो फोमचा असतो, पूर्ण भारात निम्म्याहून जास्त दबतो. गाडीचं वजन स्टँडवरून हलकं व्हायला लागेपर्यंत जॅक मारायचा. त्या अवस्थेत टायरचा फुगीर भाग आणि फेंडरची आतली कड यांच्यात अंतर: डावीकडे ११ मिमी, उजवीकडे १२.

पुढे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असल्याने वेगळी युक्ती. सपाट फरशीवर एका पुढच्या चाकाखाली आणि विरुद्ध कोपऱ्यातल्या मागच्या चाकाखाली १०० मिमीचे लाकडी ठोकळे देऊन गाडी तिरकी दाबली. हीच फेरीच्या रॅम्पची अवस्था, फक्त हलत नाही एवढंच. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत तीन जागा बघितल्या: फेंडरची कड, आतल्या बाजूला स्ट्रट (स्प्रिंग-शॉकचा एकत्र खांब), आणि फेंडर-बंपर जिथे मिळतात तिथला लायनरचा (चाकावरच्या प्लॅस्टिकच्या अस्तराचा) स्क्रू. सगळ्यात कमी जागा फेंडरच्या कडेला, १२ मिमी.

उभ्या गाडीचं बाहेरचं माप घ्यायला गवंड्याचा ओळंबा उत्तम. फेंडरच्या कडेला दोरी चिकटवून सोडायची आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या काठापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. दोन्ही अंतरांतला फरक म्हणजे कॅम्बर, डोळ्यांसमोर मिलिमीटरमध्ये.

ऑफसेटचा हिशोब

आता आकडेमोड. २४५ चा टायर ९ इंची रिमवर साधारण २५० मिमी रुंद फुगतो. अर्धा १२५. मूळ ईटी५२ चाकात टायरची बाहेरची बाजू माउंटिंग फेसपासून (हबला टेकणाऱ्या बाजूपासून) १२५ − ५२ = ७३ मिमी बाहेर. आधीच्या दुकानी चाकात ८.५ इंची रिमवर तोच टायर २४५ चा, म्हणून १२२.५ − ३५ = ८७.५. मूळापेक्षा १४.५ मिमी बाहेर, आणि मोकळी जागा होती ११. घासणार हे बेरीज-वजाबाकीतच लिहिलेलं होतं.

उपलब्ध ११ पैकी ४ मिमी सोडायचे: वळणावर टायर बाजूला झुकतो, बुशांमध्ये खेळ असतो, दोन बनावटींच्या टायरांच्या रुंदीत फरक पडतो. उरले ७. म्हणजे चाक मूळापेक्षा ७ मिमी बाहेर नेता येतं: ईटी५२ − ७ = ईटी४५. आतल्या बाजूला तेवढीच जागा वाढते, स्ट्रटची काळजी नाही. ९ जे × १९, ईटी४५, चारही सारखी.

क्रम उलटा केला असता तर? मागचा उजवा कॅम्बर −२°०५′ असताना मोजलं असतं आणि अलाइनमेंट नंतर केली असती, तर −१°५०′ वर येताना टायरचा माथा दीड मिमी बाहेर आला असता. राखलेल्या ४ मिमीमधला तिसरा हिस्सा चाकं येण्याआधीच संपला असता.

मालकाला चाक फेंडरच्या काठाशी अगदी लगोलग हवं होतं. "मेस्त्री, आतली कड थोडी वळवली तर आणखी पाच मिमी नाही का मिळणार?" त्यावर मेस्त्रींनी खिशातला चुंबक काढून मागच्या फेंडरला लावला. तो खाली पडला. "अ‍ॅल्युमिनियम आहे, साहेब. तडा गेला तर लोखंडासारखा टाका मारता यायचा नाही." टीटीच्या या पिढीत बॉडीचा मोठा भाग अ‍ॅल्युमिनियमचा, पोलाद मुख्यतः मागच्या बाजूच्या फरशीत, दारांत आणि डिकीच्या झाकणात. रोलरने कड वळवायची पद्धत लोखंडी पत्र्यावर चालते. अ‍ॅल्युमिनियमवर वळणाच्या आतल्या अंगाला रंग फुटतो, आणि रंग फुटलेल्या उघड्या धातूवर खारा वारा पुढचं काम करतो. कड तशीच ठेवली. ईटी४५ चं चाक तसंही मूळापेक्षा चांगलं भरलेलं दिसतं. ज्याला ते पुरत नाही त्याने फेरीने जाऊ नये.

ऑफसेट आटोक्यात ठेवायला आणखी एक कारण. चाक जितकं बाहेर, तितका पुढच्या चाकांचा स्क्रब रेडियस (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो जमिनीला जिथे मिळतो तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) बदलतो. ईटी३५ वर तो मूळापेक्षा १७ मिमीने बदलला होता आणि मालकाची 'खड्डा लागला की स्टिअरिंग हातातून ओढतं' ही चौथी, न नोंदवलेली तक्रार त्यातलीच होती. ७ मिमीवर ती जाणवत नाही.

ऑर्डरच्या कागदावर

चाक बनवणाऱ्याला गाडीचं नाव सांगून मोकळं व्हायचं नसतं. कागदावर गेलं ते असं: ९ जे × १९, ईटी४५, ५ × ११२, मधलं भोक ५७.१, रिंगेविना; बोल्टची बैठक गोल, त्रिज्या १३; बैठकीपासून माउंटिंग फेसपर्यंतची जाडी मूळ चाकाइतकीच, म्हणजे गाडीचेच बोल्ट त्याच लांबीचे चालतील; एका चाकाची भारक्षमता गाडीच्या प्लेटवरच्या जास्तीत जास्त ॲक्सल भाराच्या निम्म्याहून जास्त. पुढच्या ब्रेक कॅलिपरची बाहेरची आकृती पुठ्ठ्यावर कापून सोबत पाठवली, कारण इंच मोठा असला तरी आऱ्यांची मागची वळणं कॅलिपरच्या तोंडाला लागू शकतात. किमान ३ मिमी फट मागितली.

रंग पावडर कोटिंग, पूर्ण चाकावर. आरशासारखी पॉलिश केलेली बाहेरची कड मालकाला आवडली होती, पण गोव्यात किनाऱ्याजवळ राहणाऱ्या गाडीला ती घेऊ नये. नुसत्या क्लिअर कोटखाली एकदा दगडाचा टवका उडाला की तिथून पांढऱ्या धाग्यांसारखी गंज पसरायला लागते आणि ती थांबवायला सगळं चाक खरवडावं लागतं.

चाकं आल्यावर टायर चढवायच्या आधी मोजली. टायर चढला की परत करता येत नाही. रिमच्या मागच्या काठावर सरळपट्टी आडवी ठेवून माउंटिंग फेसपर्यंतची खोली मोजायची. ती १७२ मिमी भरली. काठापासून काठापर्यंतची एकूण रुंदी २५४, निम्मी १२७. १७२ − १२७ = ४५. चाकाचं वजन ९.६ किलो, आधीच्या दुकानी चाकाचं १३.४.

बसवणं

टायर २४५/३५ आर१९, भार निर्देशांक ९३, एक्स्ट्रा लोड. इथे एक बारीक गोष्ट निसटते. मूळ १८ इंची टायरही ९३ चाच, पण साधा. साधा ९३ चा टायर ६५० किलो भार २.५ बारला, म्हणजे ३६ पीएसआयला पेलतो. एक्स्ट्रा लोडच्या टायरला त्याच भारासाठी २.९ बार, म्हणजे ४२ पीएसआय लागतो. ३६ वर तो साधारण ५८० किलोच्या आसपासच पेलतो. म्हणून जुन्याच आकड्यावर हवा ठेवणं म्हणजे कमी हवा ठेवणं. या गाडीत थंड टायरला ३८ पीएसआय ठेवली. त्यात आता साइडवॉल उरली ८६ मिमी, आधी ९८ होती. पावसानंतरच्या हमरस्त्यावरच्या खड्ड्यात कमी हवेवर आधी रिम वाकते, टायर फुटतो तो मागाहून. टायर चढवताना बीड (टायरची रिमवर बसणारी कड) बसवायला ४० पीएसआयच्या वर हवा मारायची नाही. बसत नसेल तर परत उतरवून साबण लावून पुन्हा.

हबचा चेहरा वायर ब्रशने लखलखीत केला. तांबडी माती आणि गंज मिळून त्यावर पापुद्रा बसतो. साधारण १४० मिमी व्यासाच्या पॅडखाली एका बाजूला ०.२ मिमी कचरा राहिला तर रिमच्या काठावर तोच ०.७ मिमीची वाकड होतो, आणि मग बॅलन्सिंगवाल्याला शिव्या बसतात. हबच्या मधल्या गोल कडेवर अँटीसीझचा (धातू एकमेकांना धरू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात फिरवला. बोल्टच्या आट्यांवर आणि बैठकीवर तेल, ग्रीस, काहीही नाही. ठरवलेला टॉर्क कोरड्या आट्यांसाठीचा असतो, ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

या गाडीला स्टड नाहीत, बोल्ट आहेत. खाली बसलेल्या गाडीत फेंडर आणि टायर यांच्यात हात घालायला जागा नसते, तेव्हा वरच्या भोकात एम१४×१.५ ची मार्गदर्शक पिन लावून त्यावर चाक अडकवायचं. नाही तर चाक धरताना ब्रेक डिस्कवर किंवा नव्या रंगावर ओरखडा ठरलेला. बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवून फेऱ्या मोजल्या: साडेनऊ. १.५ मिमीच्या आट्याला १४ मिमी पकड हवी तर नऊच्या वर फेऱ्या हव्यात. फार लांब बोल्टही नको. तो हबच्या मागे बाहेर येऊन आतल्या भागांना लागतो. हब सावकाश फिरवून आत काही खरखरत नाही ना ते ऐकलं. मग चाक लोंबकळत असताना ताऱ्याच्या क्रमाने (एक सोडून एक बोल्ट) हलकं आवळणं आणि जमिनीवर टेकल्यावर टॉर्क रेंचने १२० न्यूटन मीटर. इम्पॅक्ट गन चाकाजवळ आणायची नाही. ८० किलोमीटरनंतर परत तपासलं तेव्हा वीसपैकी दोन बोल्ट जरासे फिरले, पुढच्या तपासणीत एकही नाही. बैठकीत आता रुंद मंद पट्टी दिसते.

परीक्षा

मुलं खेळतात त्या रंगीत मातीच्या पेन्सिलीएवढ्या वळ्या चारही फेंडरच्या आतल्या कडेवर, पुढच्या लायनरवर आणि लायनरच्या स्क्रूवर चिकटवल्या. डिकीत ४० किलो, आत दोन माणसं, आणि ओहोटीची वेळ बघून फेरी. मुद्दाम तिरकी चढवली.

मागच्या डाव्या कडेवरची वळी दाबली जाऊन ३.५ मिमीची राहिली होती, म्हणजे कडेला टायर लागलेला नाही. उजवी ४.५. पुढे फेंडरची कड कोरी, पण उजव्या लायनरवरच्या मातीत ट्रेडच्या दोन ठोकळ्यांचे ठसे स्पष्ट उमटले होते, आणि त्याखालचं प्लॅस्टिक दिसत होतं. पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना टायर तिथे टेकत होता. लायनर गरम हवेच्या गनने मऊ करून ५ मिमी आत दाबून धरला, थंड होईपर्यंत. स्क्रूच्या जागी चपट्या डोक्याचा लावला. उभट डोक्याचा स्क्रू टायरच्या खांद्यावर हळूच नाली पाडत राहतो आणि महिनाभर कळतही नाही. दुसऱ्या फेरीत ती वळी शाबूत आली.

शेवटी अलाइनमेंटवर फक्त टो तपासला. बदल नव्हता.

कागदपत्रं आणि पावसाळा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. चाकांच्या बाबतीत वाद नको असेल तर तीन गोष्टी पाळाव्यात: एकूण व्यास तोच, टायर बॉडीच्या बाहेर नाही, आणि निर्मात्याने त्या मॉडेलला कधीतरी दिलेला इंच. या टीटीला १९ इंची ९ जे चाक कंपनीकडूनही मिळत असे, २५५/३५ टायरसह. तरी विमा कंपनीला चाकांची माहिती लेखी दिली आणि पोच घेतली. अपघातानंतर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

पावसाळ्यात चाकं आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने, मागच्या बाजूने सुद्धा. आम्ल असलेला व्हील क्लीनर पावडर कोटिंगलाही मारतो. व्हॉल्व्हच्या टोप्या प्लॅस्टिकच्या. अ‍ॅल्युमिनियमची टोपी व्हॉल्व्हवर गंजून चिकटली की पकडीने फिरवताना अख्खा व्हॉल्व्ह तुटून हातात येतो. ऑक्टोबरमध्ये एकदा चारही चाकं काढून हबचा चेहरा परत साफ करायचा.

मूळ १८ इंची संच विकलेला नाही. टायरांसकट आडवा रचून, उन्हापासून दूर ठेवला आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतन करावी लागते. ही गाडी २०२७ मध्ये तपासणीला जाईल तेव्हा त्याच चाकांवर जाईल.